जुनी बॅटरी देताय? आधी वजन, मग पावती, मग पैसे

इन्व्हर्टरची किंवा गाडीची नवी बॅटरी घ्यायला गेलात की दुकानदार पहिल्यांदा विचारतो, ‘जुनी आहे का?’ या प्रश्नात तुमचे काही हजार रुपये अडकलेले असतात. रिमोटमधला संपलेला सेल मात्र कुणी मागत नाही. तो भाजीच्या देठांबरोबर घंटागाडीत जातो. एका बॅटरीला भाव आहे, दुसरीला नाही, आणि चुकीच्या हाती पडल्या तर दोन्ही माती-पाण्यात विष सोडतात. म्हणून कोणती बॅटरी कुठे द्यायची, तिचे किती मिळतात, कागद कोणते लागतात आणि पैसे कुठे कापले जातात, ते इथे क्रमाने पाहू.

कायद्याचे एवढे लक्षात ठेवा. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 प्रमाणे वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात मिसळायची नाही. ती गोळा करणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्या व्यवस्थेकडे द्यायची, ही तुमची जबाबदारी. बाजारात विकलेल्या बॅटऱ्या परत गोळा होतील आणि त्यांच्यावर प्रक्रिया होईल हे पाहणे ही उत्पादक कंपनीची जबाबदारी. सेलपासून ई-गाडीपर्यंत सगळ्या बॅटऱ्या या नियमांत येतात.

इन्व्हर्टर, गाडी, ट्रॅक्टर: इथे खरा पैसा आहे

या बॅटऱ्या शिसे आणि अ‍ॅसिडच्या असतात. निम्म्याहून अधिक वजन शिशाचे, म्हणून त्यांना भाव मिळतो. घरच्या इन्व्हर्टरची 150 एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची ट्युब्युलर बॅटरी भरलेली असताना साधारण 55 किलोची असते. त्यात वीसएक किलो नुसते अ‍ॅसिड. छोट्या मोटारीची 35 एएचची बॅटरी नऊ-दहा किलोची आणि मोटरसायकलची दोनेक किलोची. संगणकाच्या यूपीएसमध्येही 12 व्होल्ट, 7 एएचची दोन किलोची बॅटरी असते. तिला भाव आहे हे बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून ती यूपीएससकट रद्दीत जाते.

भाव शिशाच्या दराबरोबर हलतो, त्यामुळे पुढचे आकडे ठोकळ समजा. अ‍ॅसिडसकट वजनाला किलोमागे साधारण 80 ते 100 रुपये धरा. या हिशेबाने इन्व्हर्टरच्या बॅटरीचे चार-पाच हजार, छोट्या मोटारीच्या बॅटरीचे आठशे ते हजार आणि यूपीएस किंवा मोटरसायकलच्या बॅटरीचे दीडशे-दोनशे रुपये होतात. दुकानदार एक्स्चेंजमध्ये यापेक्षा थोडे कमी देतो. वाहतूक आणि साठवण त्याच्याकडे असते, म्हणून पाच-दहा टक्क्यांचा फरक रास्त म्हणता येईल. निम्मा भाव सांगितला तर पुढचे दुकान गाठा. निघण्यापूर्वी तीन दुकानांना फोन करा आणि प्रत्येकाला एकच वाक्य विचारा: ‘जुनी देऊन किती, न देता किती, आणि घरपोच बसवून एकूण किती?’ तीन आकडे वेगवेगळे लिहून घ्या.

तीन आकडे वेगळे घ्यायचे, कारण कापाकापी तिथेच होते. ऑनलाइन दिसणारी किंमत अनेकदा ‘जुनी बॅटरी देऊन’ची असते आणि ते बारीक अक्षरात लिहिलेले असते. जुनी बॅटरी नव्याइतक्याच क्षमतेची हवी, ही अटही तिथेच दडलेली असते. तुमची जुनी 100 एएचची असेल आणि नवी 150 एएचची घेत असाल, तर माणूस दारात आल्यावर हजार-दीड हजार वाढवून मागतो. तोवर जुनी बॅटरी काढलेली असते, घरात अंधार असतो, आणि तुम्ही देऊन टाकता. ऑर्डर देतानाच जुन्या बॅटरीचा फोटो आणि तिच्यावरचा एएचचा आकडा पाठवा आणि अंतिम रक्कम व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या.

बिलावरची दुसरी जागा जीएसटीची. 22 सप्टेंबर 2025पासून शिसे-अ‍ॅसिड बॅटरीवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. जुन्या छापील किमतीवर अडून बसणाऱ्याला हे सांगा. पक्के बिल मागितल्यावर ‘मग टॅक्स वेगळा पडेल’ असे उत्तर आले, तर तिथून बॅटरी घेऊ नका. बिल नसेल तर वॉरंटी मिळत नाही. जुन्या बॅटरीची रक्कम बिलावर वेगळ्या ओळीत वजा दाखवलेली हवी. नुसती ‘निव्वळ रक्कम’ लिहिली असेल तर जुनीचे किती धरले, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. जिना चढवण्याची हमाली, बसवण्याचे पैसे, टर्मिनलची नवी क्लिप, ट्रॉली हे सगळे आधी विचारा. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याला लिफ्ट नसेल तर हमाली दोन-तीनशे रुपयांवर सहज जाते.

भंगारवाला जास्त देतो, ते का?

दुकानदार चार हजार सांगतो आणि गल्लीतला भंगारवाला चार हजार तीनशे. मोह होतोच. पण हे वरचे तीनशे येतात कुठून ते पाहा. अधिकृत पुनर्प्रक्रिया कारखान्याला अ‍ॅसिड निष्प्रभ करावे लागते, भट्टीच्या धुराला गाळणी लावावी लागते, कामगारांच्या रक्ताची तपासणी करावी लागते आणि कर भरावा लागतो. बेकायदा भट्टीवाला यातले काहीच करत नाही. तो कुऱ्हाडीने बॅटरी फोडतो, अ‍ॅसिड ओढ्यात सोडतो आणि उघड्या आगीवर शिसे वितळवतो. हा वाचलेला खर्च तो भावात वाटतो आणि त्यातले तीनशे तुमच्या खिशात येतात. त्याची किंमत भट्टीशेजारच्या वस्तीतली मुले मोजतात. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर या वस्तीत बॅटरीतले शिसे असेच उघड्यावर काढले जात होते. 2007-08च्या काही महिन्यांत तिथे 18 मुले दगावली. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या 2020च्या अहवालाने जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात धोक्याच्या पातळीइतके किंवा त्याहून जास्त शिसे असल्याचा अंदाज मांडला. त्यात भारतातली सुमारे 27 कोटी 50 लाख मुले होती. रक्तातल्या शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी पातळीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते मातीत पडले की कुजत नाही, विरत नाही. पिढी बदलली तरी तिथेच राहते.

सगळेच भंगारवाले असे नसतात. कित्येक जण बॅटरी न फोडता पुढच्या मोठ्या व्यापाऱ्याला विकतात. पण तुमची बॅटरी पुढे कुठे गेली हे तुम्हाला सांगता येईल, असा कागद त्यांच्याकडे नसतो. मी तरी तीनशे रुपये सोडून दुकानदाराला किंवा अधिकृत संकलकाला देईन आणि तुम्हीही तेच करावे असे आग्रहाने सांगेन.

एक खूण पक्की ओळखा: ‘अ‍ॅसिड काढून वजन करू.’ म्हणजे सुक्या वजनाचा भाव. किलोचा दर जास्त सांगितला जातो, पण वीस किलो वजन आधीच वजा झालेले असते. आणि ते अ‍ॅसिड तुमच्याच इमारतीच्या गटारात ओतले जाते. त्याच्याबरोबर विरघळलेले शिसे जाते आणि पुढे ते विहिरीत, बोअरच्या पाण्यात उतरू शकते. हे काम आवारात करू देऊ नका. झाकणे घट्ट बंद, बॅटरी उभी, आणि अ‍ॅसिडसकट वजन, एवढे सांगा. वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का आहे का, ते पाहा. शंका आली तर घरातल्या काट्यावर आधी स्वतः उभे राहून आणि मग बॅटरी धरून वजनातला फरक काढता येतो. मात्र हा प्रयोग मोटारीच्या बॅटरीपर्यंतच करा. 55 किलोची बॅटरी एकट्याने उचलू नका.

बॅटरी नेताना ती उभीच ठेवा, आडवी नको, आणि दुचाकीवर तर नकोच. खाली जाड प्लास्टिकचा ट्रे किंवा घमेले ठेवा. अ‍ॅसिड सांडले तर त्यावर खाण्याचा सोडा भरपूर टाका, फसफसणे थांबले की हातमोजे घालून गोळा करा. ते गटारात ढकलू नका. अंगावर उडाले तर लगेच वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे धरा. डोळ्यात गेले तर धुत धुतच दवाखाना गाठा.

वॉरंटीतली बॅटरी वेगळी हाताळा

वॉरंटी संपायच्या आत बॅटरी बसली असेल, तर ती भंगारात देण्याआधी वॉरंटी कार्ड काढा. त्यावर साधारण दोन भाग असतात. पहिल्या काही महिन्यांत नवी बॅटरी फुकट, आणि पुढच्या काळात प्रो-राटा, म्हणजे नव्या बॅटरीवर ठरावीक टक्के सवलत. ही सवलत सहसा छापील किमतीवर मिळते. बाजारात तीच बॅटरी छापील किमतीपेक्षा बरीच स्वस्त मिळते, आणि वॉरंटीत जुनी बॅटरी कंपनीकडे जमा होते, म्हणजे भंगाराचे पैसेही जातात. म्हणून दोन बेरजा मांडा. एकीकडे छापील किंमत वजा सवलत. दुसरीकडे बाजारभाव वजा जुनीचे पैसे. प्रो-राटाच्या शेवटच्या महिन्यांत दुसरी बेरीज अनेकदा स्वस्त पडते.

कागद लागतात ते असे: मूळ बिल, दुकानाचा शिक्का असलेले वॉरंटी कार्ड किंवा ऑनलाइन नोंदणीचा मेसेज, आणि बॅटरीवरचा अनुक्रमांक. या अनुक्रमांकाचा फोटो बॅटरी घेतल्या दिवशीच काढून ठेवा, कारण नंतर तो अ‍ॅसिडने पुसला जातो. बॅटरी तपासायला दुकानात ठेवावी लागली तर ती चार्ज करून पाहायला एक-दोन दिवस जातात. तोवर वापरायला दुसरी देणार का, हे विचारा. आणि बॅटरी जमा केल्याची पोच घेतल्याशिवाय दुकानातून उठू नका.

भंगारातल्या बॅटऱ्या धुऊन, नवे स्टिकर लावून ‘रिकंडिशन’ म्हणून निम्म्या किमतीत विकल्या जातात. सहा महिन्यांत अशी बॅटरी पुन्हा भंगारात जाते, आणि दोनदा पैसे तुमचे गेलेले असतात. त्यापेक्षा हातातली टिकवा. ट्युब्युलर बॅटरीत दोन-तीन महिन्यांनी पातळी पाहून डिस्टिल्ड वॉटर टाका. पाच लिटरचा कॅन शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. नळाचे किंवा आरओचे पाणी आणि वरून अ‍ॅसिड, दोन्ही टाळा.

रिमोट, घड्याळ, टॉर्च: भाव शून्य, काळजी पूर्ण

पेन्सिल सेलला कुणी पैसे देणार नाही आणि त्याच्यासाठी वेगळी खेप मारावी असेही मी म्हणणार नाही. झाकणाची प्लास्टिकची बरणी घ्या, कोरड्या जागी ठेवा, संपलेले सेल त्यात टाका. वर्षभरात एखादी भरेल. मग एरवी ज्या बाजूला जाणारच आहात, तिथे ती देऊन या.

कुठे? घनकचरा नियम, 2016ने वापरलेल्या बॅटऱ्यांना घरगुती घातक कचऱ्यात घातले आणि दर 20 चौरस किलोमीटरला असा कचरा घेणारे एक केंद्र स्थानिक संस्थेने उभारावे, त्याच्या वेळा जाहीर कराव्यात, असे सांगितले. तेव्हा आपल्या वॉर्ड ऑफिसला, क्षेत्रीय कार्यालयाला किंवा नगरपरिषदेच्या आरोग्य विभागाला फोन करून ‘घरगुती घातक कचऱ्याचे केंद्र कुठे, वेळ काय?’ हे नेमके शब्द वापरा. नुसते ‘सेल कुठे टाकू?’ विचारले तर ‘सुक्यात टाका’ असे उत्तर येण्याची शक्यता जास्त. मुंबईत महापालिकेचा क्रमांक 1916, पुण्यात 1800 1030 222. पुण्यात कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंना ई-कचरा कधी नेता, हे विचारा. इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या दुकानांत ई-कचऱ्याची पेटी असते, पण तिच्यात सुटे सेल घेतात का ते काउंटरवर विचारूनच टाका.

डास मारायची चार्जिंगची रॅकेट आणि स्वस्त चार्जिंग टॉर्च यांच्याकडे विशेष लक्ष द्या. यांतल्या अनेकांत 4 व्होल्टची छोटी शिसे-अ‍ॅसिड बॅटरी असते, आणि जुन्या कॉर्डलेस फोनमध्ये, आणीबाणीच्या दिव्यांत निकेल-कॅडमियमची. बॅटरीवर ‘पीबी’ म्हणजे शिसे, ‘सीडी’ म्हणजे कॅडमियम, ‘एचजी’ म्हणजे पारा. फुली मारलेल्या कचरापेटीचे चित्रही असते. यातले काहीही दिसले तर ती वस्तू खेळण्यासारखी मुलांच्या हाती देऊ नका, शेकोटीत टाकू नका. आगीत सेल फुटतो.

बटन सेलबद्दल मात्र घाई करा. नाण्यासारखा सपाट सेल मुलाने गिळला, तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. उलटी करायला लावू नका, सकाळची वाट पाहू नका, 108ला फोन करा किंवा थेट मोठे रुग्णालय गाठा. संपलेल्या सेलमध्येही इजा करण्याइतकी वीज शिल्लक असते. त्यामुळे काढल्या काढल्या दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा.

खर्च आणि कचरा दोन्ही कमी करायचे असतील, तर ज्या वस्तू सेल पटापट खातात, म्हणजे खेळणी, माउस, कॅमेऱ्याचा फ्लॅश, त्यांना निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घ्या. चार सेल आणि चार्जर मिळून साधारण सहाशे ते बाराशे रुपये. महिन्याला चार साधे सेल लागत असतील, तर एक-दोन वर्षांत पैसे फिटतात. भिंतीवरच्या घड्याळाला वर्षाला एक सेल लागतो. तिथे हे परवडत नाही, साधाच ठेवा.

मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक

यांत लिथियमची बॅटरी असते आणि तिचा पहिला धोका आगीचा. घंटागाडीत दाबली गेली किंवा डेपोत चेचली गेली की पेट घेते, आणि कचऱ्याच्या डोंगराला लागलेली आग दिवसेंदिवस धुमसते. फुगलेली बॅटरी टोचू नका, चार्जिंगला लावू नका, पिशवीत किल्ल्यांबरोबर टाकू नका. टोकांना चिकटपट्टी लावा, कोरड्या वाळूच्या डब्यात घराबाहेर ठेवा आणि लवकरात लवकर त्या कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात द्या. कुरिअरने पाठवू नका. विमानाने जाताना चांगली पॉवर बँकही हातातल्या बॅगेतच न्यायची असते. फुगलेली तर नेताच येत नाही.

सेवा केंद्रात बॅटरी बदलली की जुनी तिथेच ठेवा. फुटपाथवर बदलून घेतलीत तर ती कुठे जाईल, याचा भरवसा नाही. आख्खा मोबाइल देत असाल तर आधी सिम आणि कार्ड काढा, खात्यांतून बाहेर पडा, फॅक्टरी रिसेट करा. चालू फोनचे एक्स्चेंजमध्ये पैसे येतात. दारात आलेला माणूस ‘स्क्रीनवर रेघ आहे’ म्हणून भाव पाडतो. तेव्हा ऑर्डर रद्द करता येते आणि त्याला दंड नसतो ना, हे आधी वाचून ठेवा.

ई-स्कूटर किंवा ई-रिक्षाचा लिथियम पॅक भंगारात देऊ नका आणि स्थानिक मेकॅनिककडून उघडून घेऊ नका. तो कंपनीच्या डीलरकडेच जातो. नवा पॅक घेताना जुन्याचे किती धरले, ते बिलावर लिहून घ्या.

सोसायटीने एकत्र दिले तर

शंभर घरांच्या सोसायटीत एक पेटी ठेवली तरी पुरते. अधिकृत संकलक घरी येऊन नेतात, पण बहुतेकांची किमान वजनाची अट असते आणि त्याखाली ते गाडीभाडे लावतात. म्हणून वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईनंतर, सगळ्यांचा ई-कचरा आणि बॅटऱ्या एकाच दिवशी द्या. वजन वाढते, गाडीभाडे वाचते आणि शिसे-अ‍ॅसिड बॅटऱ्यांचे पैसे सोसायटीच्या खात्यात जमा होतात. हे पैसे चेकने घ्या.

संकलकाकडून तीन गोष्टी मागा: प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोंदणीची किंवा संमतीपत्राची प्रत, प्रकारानुसार वजन लिहिलेली पावती, आणि माल कोणत्या पुनर्प्रक्रिया कारखान्याकडे जाणार त्याचे नाव. ते नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बॅटरी पोर्टलवर शोधा. नोंदणीकृत कारखान्यांची यादी तिथे कुणालाही पाहता येते. संमतीपत्रावरची मुदत संपलेली नाही ना, तेही पाहा. जुन्या परवान्याची रंगीत प्रत दाखवणारे भेटतात.

अडलात तर

एक्स्चेंजची रक्कम नाकारली, वॉरंटी टाळली, बिल दिले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. बिल, वॉरंटी कार्ड, अनुक्रमांकाचा फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे जवळ ठेवून फोन करा. तिथे सुटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून करता येते.

वस्तीजवळ बॅटऱ्या फोडण्याचे किंवा शिसे वितळवण्याचे काम दिसले, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे लेखी तक्रार करा आणि प्रत पालिकेला किंवा ग्रामपंचायतीला द्या. ठिकाण, धूर निघण्याची वेळ (बहुधा रात्रीची), अ‍ॅसिड कोणत्या नाल्यात जाते ते लिहा, लांबून काढलेले फोटो जोडा आणि आवक क्रमांक घ्या. आत शिरून फोटो काढू नका. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर डॉक्टरांना सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. खासगी प्रयोगशाळेत साधारण हजार ते दोन हजार रुपये लागतात. डेसिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आले, तर शिसे कुठून येते ते शोधून बंद करावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. तो अहवाल तक्रारीला जोडा.